काचेच्या छताखाली: फोटोग्राफी, उजेड आणि मुसलमान

कॅमेऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडचे लेख इब्न अल-हैसमपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच संपतात. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिले, उजेड सरळ रेषेत जातो हे प्रयोगाने दाखवले, डोळ्यातून किरण बाहेर पडत नसून वस्तूवरचा उजेड डोळ्यात येतो हे मांडले. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. पण त्यानंतर लेखक एकदम आजच्या मोबाइलवर येतो आणि मधली जवळजवळ हजार वर्षे गायब होतात. दुसऱ्या बाजूने एक वाक्य नेहमी ऐकू येते: ‘इस्लाममध्ये चित्र हराम, म्हणून मुसलमान फोटोग्राफीपासून दूर राहिले.’ अभिमान आणि आरोप, दोघांनाही एकोणिसावे शतक नको असते. खरी गुंतागुंत मात्र त्याच शतकात आहे. त्या काळात हिंदुस्थानात कॅमेरा आला, हौशी लोकांच्या संस्था निघाल्या, काचेच्या छताचे स्टुडिओ उभे राहिले आणि कुणाच्या चेहऱ्यावर कसा उजेड पडावा हे कुणीतरी ठरवू लागले.

सुरुवात मुंबईतून करू. ऑक्टोबर १८५४मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली संस्था. कॅप्टन हॅरी बार हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख. आज आपण ज्याला फोटोग्राफी क्लब म्हणतो त्याची जवळजवळ सगळी कामे तिथे होत. सभासद एकत्र जमत, एकमेकांची छायाचित्रे पाहत, रसायनांवर आणि उजेडावर निबंध वाचत. पुढच्याच वर्षी संस्थेचे नियतकालिकही निघाले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तो फार काळ टिकला नाही, पण त्यातूनच हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले आणि त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. राज्यकर्ते आणि रयत एका टेबलाभोवती बसून एकाच विषयावर बोलतात, हे त्या काळात दुर्मीळ होते.

बोलणे मुख्यतः कशावर होई? उजेडावर. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. स्टुडिओ म्हणजे गच्चीवरची काचेची खोली. छताचा उतार आणि एक भिंत काचेची, आणि तोंड उत्तरेला, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, आकाशाचा पसरलेला मऊ उजेड येतो. छताखाली दोऱ्यांवर मलमलीचे पडदे सरकवलेले असत. एक पडदा ओढला की कपाळावरचा उजेड कमी, दुसरा सोडला की गालावरचा वाढला. सावलीच्या बाजूला पांढरे कापड ताणलेली चौकट ठेवली की काळोखात गेलेला अर्धा चेहरा थोडा उजळे. आजच्या स्टुडिओतले सॉफ्टबॉक्स आणि रिफ्लेक्टर हीच कामे करतात. उजेड फक्त डोक्यावरून आला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि माणूस आजारी दिसतो. फक्त बाजूने आला तर नाकाची सावली गालभर पसरते. म्हणून छत आणि भिंत यांचा उजेड मिळून तो साधारण पंचेचाळीस अंशांतून यावा अशी खटपट असे.

हा उत्तरेचा नियम युरोपातला. मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या काचेच्या छतातून ऊन सरळ आत! पाऊस सुरू झाला की ढग ते काम सोपे करत, पण मग उजेडच अपुरा पडे. शिवाय १८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी आणलेली कोलोडियनची ओली काच आपल्या उकाड्यात फार त्रास देई. कोलोडियन ईथरमध्ये विरघळवलेले असते आणि ईथर ३५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. काच ओली आहे तोवरच, दहा-पंधरा मिनिटांत, सगळे उरकावे लागे. समोर बसलेल्या माणसाने काही सेकंद हलायचे नाही, म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा. जुन्या फोटोंत सगळे इतके ताठ आणि गंभीर का दिसतात याचे निम्मे उत्तर त्या चिमट्यात आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वात महत्त्वाची वाटते. त्या ओल्या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. तिला निळा आणि जांभळा उजेड कळे; पिवळा फार थोडा आणि लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येई, लाल लुगडे काळे येई आणि गव्हाळ किंवा सावळी त्वचा होती त्यापेक्षा गडद उमटे. गोऱ्या माणसाच्या हिशेबाने ठरलेला उजेड आपल्या माणसाच्या चेहऱ्याला कमी पडे. कुशल फोटोग्राफर एक्स्पोजर वाढवून, पांढरी चौकट जवळ आणून ते सांभाळून घेई. ज्याला ते करायचे नव्हते त्याच्या काचेवर काळवंडलेला, कपाळाला आठ्या पडलेला, भेदरलेला माणूस उमटे. मग पाहणारा म्हणे, हे लोक असेच दिसतात. रसायनाचा दोष माणसाच्या खात्यावर जमा होई.

हौशी मंडळींची संस्था म्हणजे सगळे सारखे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. मुंबईपाठोपाठ १८५६मध्ये कलकत्त्याला ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगॉल’ निघाली. थोर विद्वान राजेंद्रलाल मित्र तिचे पदाधिकारी होते. १८५७मध्ये त्यांनी एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर टीका केली. गोऱ्यांनाही तालुक्याच्या न्यायालयांत उभे करावे की नाही, हा वाद होता. भाषणाचा कॅमेऱ्याशी काही संबंध नव्हता, तरी संस्थेतल्या गोऱ्या सभासदांनी त्यांना काढून टाकले. उजेडाचे शास्त्र सर्वांसाठी, पण खुर्ची मात्र मर्जीवर.

मुंबईच्या संस्थेतलेच एक प्रमुख सभासद विल्यम जॉन्सन. त्यांनी विल्यम हेंडरसन यांच्यासोबत १८५६पासून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक काढले. पुढे १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे त्यांचे दोन खंड आले. त्या चित्रांची गंमत अशी की माणसे एका ठिकाणी, बेताच्या उजेडात उभी करून घेतली, मग त्यांच्या आकृत्या कापून देवळाच्या, रस्त्याच्या, घाटाच्या वेगळ्याच छायाचित्रावर बसवल्या. नीट पाहिले तर माणसावरचा उजेड आणि मागच्या इमारतीवरचा उजेड यांचा मेळ लागत नाही. माणसे जिथे दिसतात तिथे ती नव्हतीच. ‘नमुना’ तयार करायचा असला की माणूस त्याच्या जागेतून असाच उचलावा लागतो.

हेच काम सरकारी पातळीवर झाले ते १८५७च्या उठावानंतर. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून आठ खंड निघाले, त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती. पुष्कळशी लष्करी अधिकाऱ्यांनी उघड्यावर, मागे चादर टांगून घेतलेली. चेहऱ्यावरचा उजेड मऊ करायला ना मलमल, ना पांढरी चौकट. प्रत्येक चित्राखाली मजकूर: ही जमात राजनिष्ठ, ही बंडखोर, ही चोरटी. त्यात अलाहाबादच्या शेर अली सय्यद या मुसलमान गृहस्थाचा फोटो आहे. त्याच्याखालचा मजकूर वाचवत नाही. हट्टीपणा, अज्ञान, धर्मांधता, विषयासक्ती हे सगळे लेखकाला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते, आणि यापेक्षा किळसवाणा चेहरा कल्पनेतही येणार नाही, असा शेराही तो मारतो. प्रत्यक्षात समोर आहे तो एक वयस्क, दाढीवाला माणूस. बाकी सगळे लेखणीने घातलेले.

१८६९मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनला गेले. सोबत त्यांचे पुत्र सय्यद हमीद आणि सय्यद महमूद होते. इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे पुस्तक पाहिले आणि ते फार व्यथित झाले. तिथली हकिकत त्यांनी अलिगढच्या आपल्या पत्रासाठी लिहून पाठवली. एक तरुण इंग्रज ही चित्रे चाळत होता. त्याने महमूदला विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूदने होकार दिला, पण लाजून लगेच खुलासा केला की आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले आहेत.

हा प्रसंग सहसा इंग्रजांच्या वंशवादाचा पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. पण मराठी मुसलमानाने तो वाचताना महमूदच्या खुलाशापाशी थांबावे असे मला वाटते. अपमान होताच त्याला आपण ‘बाहेरचे’ असल्याचा आधार घ्यावासा वाटला. म्हणजे चित्रातले ‘रानटी’ लोक इथलेच, आम्ही निराळे. इथल्या मातीतला तांबोळी, मणियार, पिंजारी, बागवान, मुलाणी त्या खुलाशात कुठे बसतो? अशराफ मंडळींची ही सवय आजही गेलेली नाही. आणि त्या खुलाशाचा उपयोग तरी काय होता? ज्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या ग्रंथमालेने एवढे विष ओकले तो शेर अलीही सय्यदच होता. बाहेरून आल्याचा दाखला त्यालाही वाचवू शकला नाही.

सर सय्यद ज्या काळात हे पुस्तक पाहत होते त्याच्या आधीच लखनौत एक मुसलमान फोटोग्राफर होऊन गेला होता, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. अहमद अली खान, लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. हुसेनाबाद इमामबाड्याचे ते दरोगा. अवधची नवाबी अजून टिकून होती त्या दिवसांत ते कॅमेरा शिकले आणि १८५५मध्ये वाजिद अली शाह यांच्या घराण्यातल्या बेगमेचा फोटो त्यांनी काढला. १८५५! कोलोडियनला चार वर्षे झाली होती, मुंबईच्या संस्थेला एक. राजवाड्यातली पडदानशीन स्त्री कॅमेऱ्यासमोर बसली आहे, समोरचा फोटोग्राफर मुसलमान आहे आणि ती त्याच्याकडे सरळ पाहते आहे. तिच्याखाली तिच्या स्वभावाचे वर्णन कुणी लिहिलेले नाही.

अहमद अली खान यांनी लखनौतल्या शेकडो इंग्रज स्त्री-पुरुषांचेही फोटो काढले. १८५७मध्ये शहराला वेढा पडला आणि त्यातली कितीतरी माणसे मारली गेली. त्यांच्या नातेवाइकांसाठी हे फोटो शेवटची आठवण ठरले. ते संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. उठावात खुद्द छोटे मियाँ बंडवाल्यांच्या बाजूने होते. ज्या हाताने साहेबांचे चेहरे जपले तोच हात साहेबांविरुद्ध उभा राहिला. उठावावरच्या आपल्या पुस्तकांत मौलवी अहमदुल्लाह शाह येतात, बेगम हजरत महल येतात. या कॅमेरावाल्या दरोग्यालाही दोन ओळी द्यायला हरकत नव्हती.

लखनौतच पुढे दरोगा अब्बास अली आले. पेशाने ते इंजिनिअर. १८७४मध्ये त्यांनी ‘द लखनौ आल्बम’ काढला, त्यात शहराच्या इमारतींची पन्नास छायाचित्रे. उठावानंतर इंग्रजांनी पाडून टाकलेल्या शहराचे उरलेले वैभव त्यात दिसते. त्याच वर्षी त्यांनी लखनौच्या गायिका आणि नर्तकींच्या छायाचित्रांचेही पुस्तक काढले. तवायफांकडे पाहण्याची त्यांची नजर आज निर्दोष वाटणार नाही. पण ती नजर लंडनहून आलेली नव्हती.

आता आपल्या शेजारी येऊ. हैदराबाद संस्थान म्हणजे तेव्हा आपला मराठवाडाही, औरंगाबादपासून नांदेडपर्यंत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी लाला दीनदयाळ हे फोटोग्राफर होते. ते जैन, मूळचे मेरठकडच्या सरधान्याचे, रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेले. १८९२मध्ये त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला, फक्त स्त्रियांसाठी. व्यवस्था श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे, हाताखाली देशी स्त्रिया, आणि सभोवती उंच भिंती. कुणा पुरुषाची नजर आत पोचणार नाही अशी सोय. भिंती बाजूच्या नजरा अडवतात, आकाश अडवत नाहीत. आणि त्या काळच्या स्टुडिओला हवा असणारा उजेड वरूनच येतो. पडदा आणि फोटो यांत विरोध आहे असे म्हणणाऱ्यांना दख्खनच्या त्या घरंदाज स्त्रियांनी परस्पर उत्तर दिले होते. त्यांनी पडदा सोडला नाही आणि फोटोही सोडला नाही. फक्त कॅमेऱ्यामागची व्यक्ती आणि दारावरचे माणूस बदलून घेतले. अटी त्यांच्या होत्या. ही मोकळीक खानदानी बायकांपुरतीच होती, कोष्ट्याच्या किंवा भिश्त्याच्या बायकोला जनाना स्टुडिओ परवडणारा नव्हता, हेही इथेच नोंदवायला हवे.

निजामांनी दीनदयाळ यांना ‘राजा मुसव्विर जंग बहादुर’ असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा, रूप देणारा. हे अल्लाहच्या नावांपैकी एक नाव आहे, अल-मुसव्विर. आणि ज्या हदीसींच्या आधारे चित्र हराम ठरवले जाते त्यांत कयामतच्या दिवशी कठोर शिक्षा सांगितली आहे ती याच ‘मुसव्विरां’ना. मुसलमान राज्यकर्त्याने जैन फोटोग्राफरला हाच शब्द मानाने बहाल केला आणि हैदराबादेत आभाळ कोसळले नाही.

याचा अर्थ धार्मिक प्रश्न नव्हताच असा नाही. तो होता, आणि त्यावर मोठमोठ्या आलिमांनी डोके शिणवले. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: चित्रकार निर्मितीची नक्कल करतो, फोटोग्राफर तसे काही करत नाही. अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूचीच सावली उजेडामुळे पडते, ती तो ठरलेल्या साधनांनी धरून ठेवतो. ‘हब्स अज-झिल’, सावलीला कैद करणे. गंमत पाहा, १८३९मध्ये इंग्लंडच्या टॅलबॉट यांनी आपला शोध जाहीर करताना ‘सावली स्थिर करण्याची कला’ असाच शब्दप्रयोग केला होता. उजेडाचे शास्त्र समजून घेऊन दिलेला तो फतवा होता.

आपल्याकडे मात्र एकमत झाले नाही. मौलाना आझादांचे ‘अल-हिलाल’ १९१२पासून फोटोंसह छापले जाई. सय्यद सुलेमान नदवी यांनी आधी अनुकूल लिहिले आणि पुढे ते मत मागे घेतले. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी विरोधात पुस्तिका लिहिली. म्हणजे वाद आतला होता, चालू होता, आणि तो चालू असतानाच लोक स्टुडिओत जाऊन बसत होते. ‘मुसलमान दूर राहिले’ या वाक्यात ही सगळी खटपट बसत नाही.

विसाव्या शतकात काचेचे छत गेले आणि विजेचे दिवे आले. उत्तरेच्या आकाशावर अवलंबून राहायची गरज संपली. सिनेमाच्या मुंबईत याचा कळस झाला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८मध्ये दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला आणि नर्गिससारख्या नट्यांचे चेहरे दिव्यांच्या उजेड-सावलीत असे घडवले की ते आजही डोळ्यांपुढे येतात. १९३७मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ निघाली, गावोगाव क्लब झाले, सलॉन नावाची स्पर्धा-प्रदर्शने भरू लागली. पालनपूरच्या नवाबी संस्थानातले ए. एल. सय्यद (१९०४-१९९१) यांनी या सलॉनच्या दुनियेत देशात आणि परदेशात नाव मिळवले.

त्या क्लबांची परंपरा आज जोरात आहे. महिन्याची स्पर्धा, परीक्षकाची टीकाटिप्पणी, रविवारची भटकंती आणि अधूनमधून पोर्ट्रेटची कार्यशाळा. एक मुख्य दिवा पंचेचाळीस अंशांवर, सावलीच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण आला की ‘रेम्ब्रां लायटिंग’ जमले. शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि आपल्या पोरांनीही ती शिकायला जावे. मात्र या क्लबांचा एक आवडता विषय आहे: पांढरी दाढी, टोपी, सुरकुत्या, अर्धा चेहरा काळोखात. याला ‘कॅरेक्टर स्टडी’ म्हणतात. रमजान आला की मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास कॅमेरे गळ्यात अडकवलेली मंडळी थव्याने फिरतात. त्यांच्या मनात वैर नसते, बहुतेकांना प्रेमच असते आणि फालुदाही. पण सुरकुत्या उठून दिसाव्यात म्हणून उजेड मुद्दाम कडक, बाजूने घेतलेला असतो, आणि चौकटीखाली शीर्षक येते ‘श्रद्धा’, ‘वार्धक्य’ नाहीतर नुसतेच ‘चेहरा’.

‘द पीपल ऑफ इंडिया’त शेर अली सय्यदच्या वाट्याला शिव्या आल्या. पण तिथे निदान त्याचे नाव आणि गाव छापलेले आहे. मिनारा मशिदीच्या गल्लीत पुढच्या रमजानला जे फोटो काढतील त्यांनी चाचांना नाव विचारावे, ते चित्राखाली लिहावे आणि एक प्रत त्यांना नेऊन द्यावी. पत्ता शोधायला कठीण नाही, चाचा रोज असरनंतर त्याच पायरीवर बसलेले असतात.